ओसोनाइची झेंडेकरीण

कियोशीसानांनी झेंडा आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा ठेवला, तेव्हा यामिनी डब्यात भात भरत होती. झेंडा म्हणजे फार काही प्रकरण नव्हतं. एक बांबू आणि त्याला खाऱ्या वाऱ्याने कडक झालेलं पांढरं कापड. पण ओसोनाइ गावात त्या बांबूला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला असे, आणि गेली तीसेक वर्षं तो माणूस म्हणजे यामिनीचे सासरे होते.

"आजपासून हा तू सांभाळ," ते म्हणाले.

"मी, ओतोसान?" सासऱ्यांना ती तिथल्या रीतीप्रमाणे ओतोसान म्हणजे बाबा म्हणायची. "मी तर होडीत पाय ठेवला की मळमळायला लागतं."

"होडीत कुणी बसायला सांगितलंय? आभाळ बघायचं आणि गावाला सांगायचं. आभाळ आता तुझंच आहे. मला त्यातलं काही कळेनासं झालंय."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण पेढीवरचा माणूस 'आज दुकान बंद' म्हणतो, तितक्याच सहज ते बोलले आणि चहा ओतून घ्यायला लागले. हा मान होता की टोमणा, हे यामिनीला कळेना. साक्री तालुक्यातली भामऱ्यांची ही लेक जपानात येऊन आठ वर्षं झाली होती, तरी मान कुठला आणि टोमणा कुठला, हे तिला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कळायचं.

या झेंड्याची गोष्ट सांगायची तर आधी तिथल्या हवेची सांगावी लागते. ती हवा म्हणजे सगळी उलटी गंगा. कुशिरो हे होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. इतक्या उत्तरेला आहे म्हणून नवखा माणूस हिवाळ्यात बर्फाचे डोंगर बघायला जातो, आणि फसतो. सैबेरियाकडून येणारा वारा आपला सगळा बर्फ मधल्या पर्वतांवर झाडून टाकतो आणि कुशिरोला पोचतो तो कोरडा ठणठणीत. त्यामुळे जानेवारीत तिथे लख्ख ऊन असतं, आणि त्या उन्हात पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरलेला असतो. जमीन अशी गोठते की पहार मारली तर पहारच वाजते. नदीवरून काठ उचललेल्या भाकऱ्यांसारख्या बर्फाच्या गोल चकत्या तरंगत बंदरात येतात. हे झालं हिवाळ्याचं. उन्हाळ्यात मात्र ऊन औषधालाही मिळत नाही, कारण मे महिन्यापासून धुकं सुरू होतं.

धुक्याचं कारण साधं आहे. उत्तरेकडून एक थंडगार समुद्री प्रवाह किनाऱ्याला चिकटून खाली येतो. उन्हाळ्यात दक्षिणेकडून उबदार, दमट वारा त्याच्यावर येऊन पडतो. फ्रिजमधून काढलेली बाटली बाहेरून ओली होते ना, तसंच. वाऱ्यातली वाफ थंड पाण्यावर गार होते, तिचे बारीक थेंब होतात आणि ते खाली न पडता हवेतच तरंगत राहतात. मग हे धुकं बंदरावर, पुलांवर आणि शहरामागच्या मैलोन्‌मैल पसरलेल्या दलदलीवर ठाण मांडून बसतं. जुलैत लोक कोट घालून भाजी आणायला जातात. त्या वर्षी तोक्योत पारा बेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता, आणि दक्षिणेकडचे सुखवस्तू लोक थंडाव्यासाठी कुशिरोला घरं घेत सुटले होते. घेतल्यावर पंधरा दिवसांत विचारायचे, इथे ऊन कधी पडतं?

शहराच्या पूर्वेला कड्यांच्या पायथ्याशी लहान लहान गावं आहेत. ओसोनाइ त्यातलंच एक. ही गावं जगतात कोंबूवर. कोंबू म्हणजे समुद्रातलं शेवाळ, पण ताडमाड लांब, चामड्याच्या पट्ट्यासारखं. जपानी घरात त्याच्याशिवाय सार होत नाही. लांब काठीला गुंडाळून ते समुद्राच्या तळातून उपटायचं, होडी भरून आणायचं आणि काळ्या गोट्यांच्या पुळणीवर पसरून त्याच दिवशी कडक वाळवायचं. एकदा का ओलं राहिलं की त्यावर पांढरे डाग धरतात आणि माल मातीमोल. यामिनीने लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं, तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं, "आई, ही माणसं सगळा उन्हाळा वाळवण घालतात गं. फक्त कुरड्यांच्या जागी शेवाळ."

आणि वाळवण म्हटलं की ऊन आलं. म्हणून झेंडा. पहाटे झेंडेकरी कड्यावर उभा राहून आभाळ बघणार. दिवस वाळवणाचा वाटला तर झेंडा वर, सगळ्या होड्या पाण्यात. नाही तर कुणीच जायचं नाही, एकट्याने तर नाहीच. सूर्य कड्याच्या वर येईपर्यंत झेंडा चढला नाही, तर तो दिवस गेला. झेंडेकऱ्याचा अंदाज चुकून माल भिजला तरी गावात त्याला कुणी अवाक्षर बोलत नसे. आभाळ फिरलं, म्हणायचे, आणि ओला कोंबू गुंडाळून घरी जायचे.

यामिनी हवामानशास्त्र शिकली होती आणि कुशिरो बंदरातल्या एका संशोधन केंद्रात कामाला होती. धुकं हटवायचं यंत्र तिच्या गटाने तयार केलं. समुद्रात आणि किनाऱ्यावर उंच खांब, त्यांच्यात ताणलेल्या बारीक तारा, आणि तारांतून सोडलेली वीज. धुक्याच्या काही थेंबांना धन भार मिळतो, काहींना ऋण. विरुद्ध भाराचे थेंब एकमेकांकडे ओढले जातात, दोनाचा एक होतो, चाराचा एक होतो, आणि जड झाले की बुरबुर होऊन खाली पडतात. धुक्याला भोक पडतं. त्या भोकातून ऊन आत येतं, काळे गोटे तापतात, आणि एकदा ते तापले की दुपार कलेपर्यंत धुकं तिथे पाय ठेवत नाही. "म्हणजे धुकंफोड्या," फोनवर सगळं ऐकून यामिनीची आई म्हणाली होती. शास्त्रीय नाव पुष्कळ लांबलचक होतं, पण यामिनीच्या डोक्यात धुकंफोड्याच बसलं.

बंदरात यंत्र चाललं, जहाजवाले खूश झाले, आणि मग गावाची निवड करायची वेळ आली. यामिनीने ओसोनाइचं नाव सुचवलं. खाडीचा आकार सोयीचा आहे, असं कारण तिने दिलं. सासर तिथे आहे, हे दुसरं कारण तिने दिलं नाही. दोन्ही कारणं खरीच होती.

यंत्र वीज खूप खायचं. म्हणून ज्या दिवशी काढणी, त्याच दिवशी ते लावायचं असं ठरलं. झेंडा वर गेला की यंत्र सुरू. कळ यामिनीच्या फोनवर होती, आणि आता झेंडाही तिच्याच हातात आला होता.

पहिल्याच पहाटे घोळ झाला. खाली पुळणीवर होड्या तयार होत्या आणि माणसं वर बघत होती. ओनोदेरासान नावाचे थोराड नावाडी, गावातले सगळ्यात जुने कोंबूवाले, रीतीप्रमाणे कडा चढून वर आले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय म्हणते हवा?"

यामिनीने फोन बघितला. तिथे दिवसाच्या अंदाजाचे दोन रकाने होते. यंत्र चालू, यंत्र बंद.

"झेंडा चढवला तर ऊन आहे," ती म्हणाली.

"आणि नाही चढवला तर?"

"तर धुकं."

ओनोदेरासानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "ते ठीक आहे. पण आज हवा कशी आहे?"

आयुष्यभर यामिनीने याच प्रश्नाचं उत्तर देऊन पगार घेतला होता, आणि आता तिला ते देता येईना. हवा बघून झेंडा ठरवायचा, आणि झेंड्यावर हवा ठरायची. अंदाज तरी कशाचा करायचा, स्वतःचा? तिने बराच विचार केला. खाली इंजिनं घुरघुरत होती. मग तिने गोंधळलेल्या मनानेच बांबू उचलला आणि झेंडा वर केला. तासाभरात खाडीवर असं ऊन पडलं की बायकांनी बाह्या वर सारल्या.

दुसऱ्या दिवशीही तिने झेंडा वर केला, आणि तिसऱ्याही. न करण्याचं काही कारणच सापडत नव्हतं. ओसोनाइत रोजची दिवाळी सुरू झाली. कियोशीसान मात्र पुळणीवर खोक्यावर बसून कोंबू उलटवत आणि मधूनच समुद्राकडे बघून मान हलवत. पूर्वी कड्याच्या कुठल्या बाजूने धुकं उतरतंय हे बघून त्यांना दिवस कळायचा. आता खाडी तापायची, वारा मन मानेल तसा फिरायचा, आणि त्यांच्या जुन्या खुणा खोट्या ठरायच्या. "माझे निम्मे अंदाज आधीही चुकायचेच," ते एकदा म्हणाले. "पण आपण कशाबाबत चुकलो, ते तरी कळायचं."

ऑगस्टच्या मध्यावर ओबोन आलं. आपल्याकडच्या पितृपक्षासारखे ते पूर्वजांचे दिवस, पण घरात लेकीबाळी येतात, गोडधोड होतं. यामिनीची नणंद चिहारु शेजारच्या तोईबेत्सु गावात दिलेली होती. मधे फक्त एक भूशिर, पण खाडी वेगळी आणि झेंडाही वेगळा. यामिनी नवी सून म्हणून आली, तेव्हा या बाईने तिला कोंबू कसा पसरायचा ते शिकवलं होतं, आणि सासूबाईंच्या आजारपणात दोघींनी रात्री वाटून घेतल्या होत्या. चिहारु तिला नेएसान म्हणे, म्हणजे ताई. परदेशात ज्या एका माणसामुळे घर घरासारखं वाटतं, ते यामिनीसाठी चिहारु होती, नवरासुद्धा नव्हे.

त्या दिवशी चिहारु आली, देव्हाऱ्यापुढे बसली, हात जोडले. जेवताना हळूच म्हणाली, "आमच्याकडे यंदा धुकं जरा जास्तच आहे, नाही का?"

यामिनीचा नवरा ताकुमी याने लोणच्याची वाटी उगाचच इकडची तिकडे सरकवली. चिहारुनेही विषय वाढवला नाही. चहा न घेताच ती निघाली.

दुसऱ्या दिवशी झेंडा चढवून, खाडीवर ऊन पडल्यावर ती गाडी घेऊन तोईबेत्सुला गेली. भूशिरावरच्या वळणापर्यंत तिच्या डोळ्यांवर ऊन होतं. वळण संपलं आणि तिला दिवे लावावे लागले. तोईबेत्सुच्या पुळणीवर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गोटे ओलेकच्च होते. चिहारु रिकाम्या पुळणीवरचं गवत उपटत होती. कोंबू नसला तरी पुळण साफ ठेवायची असते.

"किती दिवस काढणी झाली यंदा?" यामिनीने विचारलं.

"झाली ना, जूनमध्ये," चिहारु म्हणाली. "मी आणि शोहेई शहरात खोली बघून आलो. बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात बायकांना लगेच घेतात. सप्टेंबरात चार दिवस तरी ऊन मिळालं तर राहू, नाही तर घर बंद करायचं."

"चिहारु, हे आमच्यामुळे—"

"आभाळाला कोण काय बोलणार?" चिहारु म्हणाली. ती आभाळ म्हणाली, आणि बघितलं मात्र तिने यामिनीकडे.

परत येताना यामिनीला जे समजायचं ते समजलं, आणि तरीही पुरतं समजलं नाही. धुकं काही मरत नाही, सरकतं. ओसोनाइचे गोटे तापले की वरची हवा हलकी होऊन उठते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. ती आपल्याबरोबर आणखी धुकं आणते. ते तापलेल्या खाडीत शिरू शकत नाही, मग भूशिराला वळसा घालून शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतं. हे असं असावं. पण समुद्रही बदलत होता. प्रवाह पूर्वीच्या जागी राहिला नव्हता, आणि तोईबेत्सुचं धुकं त्यामुळेही वाढलेलं असू शकत होतं. तिने केंद्रात सगळी गणितं पुन्हा मांडली. एकदा उत्तर आलं की दोष यंत्राचा. वाऱ्याचा आकडा किंचित बदलला तर उत्तर आलं, यंत्राचा संबंध नाही.

केंद्राचे प्रमुख सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भामरेसान, निदान दोन हंगामांच्या नोंदी हव्यात. त्याआधी असं काही बोललो तर आपणच तोंडघशी पडू."

"दोन हंगामांनंतर तोईबेत्सुत विचारायला कुणी राहणार नाही."

"तेही नोंदीत दिसेलच," ते म्हणाले, आणि यामिनीला खात्री आहे की त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

तिने ताकुमीला विचारलं. बिचारा बहिणीचाही होता आणि गावाचाही.

"मग नको चढवूस झेंडा," तो म्हणाला.

"आणि गावाला काय सांगू?"

"सांग, हवा नाही म्हणून."

"हवा असताना खोटं सांगू?"

"मग चढव," तो म्हणाला, आणि जाळं विणायला बाहेर निघून गेला.

शेवटी तिने आईला फोन लावला. साक्रीला तेव्हा दुपार होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आईने सगळं ऐकलं. "काय गं यामे," ती म्हणाली, "इथे पाटाच्या पाण्यावरून भावाभावांची डोकी फुटतात. पाणी अडवता येतं, म्हणून फुटतात. आभाळावरून आजवर कुणाचं फुटलं नव्हतं. तुम्ही शिकल्यासवरल्यांनी तेवढी सोय करून ठेवली."

यामिनीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आई बरोबर बोलली होती. दुष्काळ पडला, गारा पडल्या, की आपण अस्मानी म्हणून कपाळाला हात लावतो आणि पुन्हा उभे राहतो. सुलतानीचं तसं नसतं. तिला नाव असतं, गाव असतं, आणि ती शेजारच्या घरात राहत असेल तर तिच्याकडे जेवायला जावंसं वाटत नाही. तोईबेत्सुवरचं धुकं अस्मानी होतं की सुलतानी, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. चिहारुला नाही, यंत्राला नाही, आणि यंत्र करणारीला तर मुळीच नाही. तरी रोज पहाटे कडा चढायचा आणि ओनोदेरासानांनी विचारायचं, काय म्हणते हवा? छान आहे, असं ती सांगायची. झेंडा वर जायचा. खाली उतरताना तिला स्वतःची लाज वाटायची, पण नक्की कशाची, ते सांगता आलं नसतं.

सप्टेंबर लागला. अन् एका पहाटे ती कड्यावर गेली तर धुकं नव्हतं.

समुद्र क्षितिजापर्यंत स्वच्छ दिसत होता. या सबंध हंगामात यंत्राशिवाय असं तिने कधी बघितलं नव्हतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की यंत्र रात्रभर चालूच राहिलं. फोन बघितला. यंत्र बंद. मग तिने दोन रकाने बघितले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. चालूच्या रकान्यात ऊन होतं आणि बंदच्या रकान्यातही ऊन. हे दोन रकाने आजवर कधी एकमेकांशी सहमत झाले नव्हते. म्हणजे गणितच कोसळलं असणार. ती धावत पहिल्या खांबाकडे गेली आणि कान लावला. तारा मुक्या होत्या. तिने केंद्रात फोन केला. तिथला पाळीवरचा माणूस झोपेतून उठल्यासारखा म्हणाला, "हो, ऊन आहे. काय बिघडलंय?" तोईबेत्सुवाल्यांनी कुठून तरी यंत्र आणलं की काय, असाही संशय तिला आला. भूशिरापर्यंत पळत जाऊन ती पलीकडे बघून आली. तिथे एकही खांब नव्हता.

बिघडलं काहीच नव्हतं. उत्तरेकडून कोरडी हवा खाली उतरली होती, आणि दमट वारा समुद्रात मागे हटला होता. जगात असं होतं. सप्टेंबरात तर होतंच होतं. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कळलं नाही ते फक्त तिला, कारण फुकटचं ऊन असतं हेच ती विसरून गेली होती.

ती कड्यावर परत आली तेव्हा सूर्य कड्याच्या वर आलेला होता. नियम म्हणजे नियम. खाली माणसांनी इंजिनं बंद केली आणि निळ्याभोर आभाळाखाली सगळे हात चोळत घरी गेले. कुणी तिला शब्दानेही बोललं नाही. ओनोदेरासान जाता जाता एवढंच म्हणाले, "होतं असं कधी कधी." कियोशीसानांनी दिवसभर तिच्याकडे बघायचं टाळलं, पण जेवताना माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला.

चिहारु आली ती संध्याकाळी, गमबूट घालून, अंगाला कोंबूचा वास घेऊन. दारातच तिने कमरेत वाकून नमस्कार केला, इतका खाली की यामिनी घाबरली.

"नेएसान, आज तोईबेत्सुत पूर्ण दिवस वाळवण झालं. एकही पान ओलं राहिलं नाही. तुमच्या गावात असं ऊन असताना तू झेंडा चढवला नाहीस. सगळे म्हणत होते, आपल्यासाठीच थांबली, म्हणून मी म्हटलं, मी स्वतः जाऊन आभार मानणार."

यामिनीला क्षणभर फार बरं वाटलं. गप्प बसलं असतं तर सगळं परत मिळत होतं: नणंद, ओबोनचा चहा, घर. तिने तोंड उघडलं ते 'अगं, त्यात काय' म्हणायला, पण निघालं भलतंच.

"मी तुमच्यासाठी थांबले नव्हते, चिहारु. मला कळलंच नाही. ऊन खरं आहे की खोटं, हे बघत बसले आणि वेळ गेली. आणि यंत्र नसतं तरी आज ऊनच होतं. त्यात माझं काहीच नाही."

चिहारु सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते यामिनीला वाचता आलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या थांबशील?"

एवढंच विचारून ती गेली. तिला उत्तरही नको होतं बहुतेक. यामिनी दारात उभी राहिली. सबंध उन्हाळ्यात तिला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. यात वारा नव्हता, प्रवाह नव्हता, दोन हंगामांच्या नोंदी नव्हत्या. हा प्रश्न हवेचा नव्हताच मुळी. तिच्या लक्षात आलं की महिनाभर ती गणिताला जे विचारत होती ते गणिताच्या बापालाही सांगता आलं नसतं, कारण ते तिचं तिलाच ठरवायचं होतं.

दुसऱ्या पहाटे धुकं परत आलं होतं, नेहमीसारखं दाट. फोनवर रकाने नेहमीसारखे भांडत होते. गेलेल्या दिवसाची भरपाई करायला माणसं लवकरच येऊन बसली होती. कियोशीसानही त्या दिवशी कडा चढून वर आले होते आणि धापा टाकत दगडावर बसले होते.

"काय म्हणते हवा?" ओनोदेरासानांनी विचारलं.

नाही म्हणते, इतकंच सांगायचं होतं. कुणी वाद घातला नसता. पण मग उद्याही तसंच सांगावं लागलं असतं आणि परवाही, आणि सगळी लबाडी आभाळाच्या नावावर जमा झाली असती.

"हवा काहीच म्हणत नाही, ओनोदेरासान. यंत्र लावलं तर तासाभरात ऊन पडेल. पण मी आज झेंडा चढवणार नाही. ते धुकं तोईबेत्सुवर जातं असं मला वाटतं. खात्री नाही, वाटतं. आजचा दिवस त्यांना मिळू दे."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

खाली निरोप गेला. ओसोनाइत आजवर झेंडेकऱ्यावर कुणी चिडलं नव्हतं, त्यामुळे चिडायचं कसं हेही लोकांना नीट जमेना. एकाने होडीला लाथ मारली आणि स्वतःच लंगडत गेला. दोघांनी वर बघून काहीतरी म्हटलं, ते धुक्यात विरलं. ओनोदेरासान तिच्याकडे पाठ फिरवून कडा उतरले, आणि ही पाठ पुष्कळ दिवस अशीच राहणार, हे तिला दिसत होतं. कियोशीसान दगडावरून उठले. ते बांबू मागतील असं वाटून तिने तो पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मी तीस वर्षं आभाळ म्हणतं असंच म्हणत आलो," ते म्हणाले. "मी म्हणतो, असं म्हणायचं धाडस झालं नाही. आता लोक तुझ्याशी बोलायचे नाहीत. सवय कर." आणि तेही सावकाश उतरून गेले.

ती एकटी उभी राहिली. उजाडलं, धुकं राखाडीचं पांढरं झालं. खूप वेळाने फोन वाजला. चिहारु होती.

"नेएसान, तू चढवला नाहीस म्हणे."

"नाही. तुमच्याकडे ऊन पडलं का?"

पलीकडून समुद्राचा आवाज येत होता.

"नाही गं," चिहारु म्हणाली. "इथेही धुकंच आहे. समोरची होडी दिसत नाही."

कियोशीसान बसले होते त्याच दगडावर यामिनी बसली. म्हणजे सगळं गाव दुखावलं ते फुकट. कदाचित यंत्राचा दोष कधी नव्हताच, कदाचित आज तेवढा नसेल. तिला काहीच कळेना.

"माफ कर," ती म्हणाली. "मला वाटलं होतं—"

"पण आजचं धुकं आभाळाचं आहे, नेएसान," चिहारु म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा, सासूबाईंच्या उशाशी बसून गप्पा मारायची तेव्हासारखा झाला होता. "त्याच्याशी भांडता येत नाही. आता दोन्ही गावं रिकामीच आहेत, तर येऊ का चहाला?"

"ये," यामिनी डोळे पुसत म्हणाली. "फक्त ओनोदेरासानांच्या दारावरून येऊ नकोस."